चौकोनी कंस काढणारा माणूस

१९९२-९३ साली ज्यांना थोडंफार कळत होतं त्यांना ‘डंकेल’ हा शब्द आठवत असेल. एका आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या मसुद्याला तो चिकटला होता. शब्दच म्हणायचं, कारण हे कुणा माणसाचं नाव आहे याचा घोषणा देणाऱ्यांनाही बहुधा विसर पडलेला असे. डंकेल आला की घरचं बियाणं पेरता येणार नाही, डंकेल आला की औषधं महागणार, असं त्याच्याबद्दल पटकीच्या साथीसारखं बोललं जाई. डिसेंबर १९९२ मध्ये कर्नाटक राज्य रयत संघाचे कार्यकर्ते बंगळुरात कारगिल सीड्स या बियाणे कंपनीच्या कार्यालयात शिरले आणि तिथली कागदपत्रं बाहेर फेकून त्यांनी त्यांची होळी केली. उत्तरेत टिकैत यांची किसान युनियन विरोधात होती. डावे विरोधात होते, स्वदेशीवाले विरोधात होते. या सगळ्या गदारोळात शेतकऱ्यांची एकच मोठी संघटना उलट्या बाजूला उभी राहिली, ती आपल्याकडची शेतकरी संघटना. तिचे नेते शरद जोशी म्हणत होते की भारतातल्या शेतकऱ्याला सरकार अनुदान देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडूनच वसूल करतं. मग अनुदानावर मर्यादा आली तर त्याचं काय बिघडणार?

जोशी शेतीत उतरण्याआधी जवळजवळ दहा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. आंतरराष्ट्रीय संस्थेत मसुदा कसा तयार होतो, कुणाच्या हातून कुणाच्या हातात जातो, त्यातला कुठला शब्द शोभेचा आणि कुठला कामाचा, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. त्यांच्या मताशी सहमत व्हायलाच हवं असं नाही. मीही सगळ्या बाबतीत नाही. पण मसुदा वाचायचा असतो, हे त्यांना माहीत होतं.

आता त्या माणसाकडे येतो. आर्थर डंकेल स्विस होते. जन्म १९३२ चा, लिस्बनचा. लोझान विद्यापीठातून पदवी घेऊन १९५६ मध्ये ते स्विस सरकारच्या परराष्ट्र व्यापार विभागात लागले आणि तिथेच राहिले. आधी श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचं टेबल, मग विकसनशील देशांचं, मग जागतिक व्यापार धोरणाचं, मग अंक्टाडमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत, स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी, मग १९७६ पासून व्यापार करारांसाठी सरकारचे अधिकृत वाटाघाटीकार. १९८० मध्ये ते गॅटचे (जागतिक व्यापार संघटनेच्या आधीची, जिनिव्हातली व्यापार कराराची व्यवस्था) महासंचालक झाले आणि जून १९९३ अखेर निवृत्त झाले. सदतीस वर्षं एकच धंदा. मंत्रिपद नाही, निवडणूक नाही, भाषणांची ख्याती नाही. अशा माणसाचं चरित्र कुणी लिहायला घेतलं तर पहिल्या पन्नास पानांतच वाचक पेंगेल.

तरीही त्यांनी मागे जो कागद ठेवला, त्याच्या आधाराने आजही तांदळाच्या सरकारी खरेदीवर जिनिव्हात भारताला जाब विचारला जातो. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर गॅटच्या प्रमुखाची ताकद कशात होती ते पाहावं लागतं. मत त्याला नव्हतं. नकाराधिकार नव्हता. कर्ज देण्याची तिजोरी नव्हती, त्यामुळे जागतिक बँकेसारखा अटी घालून हात पिरगाळण्याचाही प्रश्न नव्हता. निर्णय एकमताने व्हायचे आणि एकमत म्हणजे हजर असलेल्या कुणीही आडवं न पडणं. महासंचालकाकडे होती ती बैठक बोलावण्याची मुभा (त्याच्या कार्यालयालगतच्या दालनाच्या रंगावरून ज्या निवडक बैठकांना ‘ग्रीन रूम’ नाव पडलं, त्या याच) आणि होता एक पेन.

वाटाघाटींच्या मसुद्यात ज्या शब्दांवर भांडण मिटलेलं नसतं ते चौकोनी कंसात टाकायची रीत आहे. कंसात एकाच जागी दोन-तीन पर्याय शेजारी शेजारी असतात, कधी अख्खा परिच्छेद कंसात असतो. नवख्या माणसाला ते पान छपाईत बिघडल्यासारखं वाटतं. जाणकार मात्र तेवढेच कंस वाचतो, कारण खरा करार कंसांतच असतो. उरलेला मजकूर म्हणजे ज्यावर कुणाचंच काही अडत नाही असा. सप्टेंबर १९८६ मध्ये उरुग्वेत पुंता देल एस्ते इथे सुरू झालेली व्यापारफेरी डिसेंबर १९९० मध्ये ब्रुसेल्सला संपायची होती. शेतीच्या अनुदानावर अमेरिका आणि युरोप अडून बसले आणि ती तिथे कोसळली. टेबलावर उरला तो कंसांनी भरलेला मसुदा.

पुढच्या वर्षभरात डंकेल यांनी काय केलं, तर एकेका विषयाचा गट पुन्हा बसवला, जिथे जुळत होतं तिथे जुळवून घेतलं आणि जिथे काही केल्या जुळेना तिथे गटांच्या अध्यक्षांच्या मदतीने स्वतःच मधला शब्द लिहिला. २० डिसेंबर १९९१ रोजी ‘अंतिम कायद्याचा मसुदा’ वाटला गेला. साडेचारशेच्या आसपास पानं आणि वर क्रमांक एमटीएन.टीएनसी/डब्ल्यू/एफए. कंस जवळजवळ गेलेले. घ्यायचा तर सगळा घ्या, नाहीतर सोडा, अशी त्याची मांडणी होती. एक कलम मला हवं आणि दुसरं नको, असं म्हणायची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली नव्हती.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही. शंभराहून जास्त देशांच्या कायद्यांना मुरड घालणारा मजकूर कुणीही निवडून न दिलेल्या माणसाने का लिहावा? फेरी सुरू झाली तेव्हाचे भारताचे गॅटमधले राजदूत एस. पी. शुक्ल यांनी पुंता देल एस्तेपासून बौद्धिक संपदा आणि सेवा हे विषय व्यापाराच्या टेबलावर आणण्यालाच विरोध केला होता, आणि निवृत्तीनंतरही ते त्याच भूमिकेवर राहिले. ते म्हणत होते की हे विषय एकदा आत आले की बाहेर काढता येणार नाहीत. तसंच झालं. पण या आक्षेपाचं टोक डंकेलकडे वळवणं मला चुकीचं वाटतं. विषय आत आणले सभासद देशांनी, त्यातल्या बलाढ्यांनी. ते आत आल्यावर कंसात लोंबकळत ठेवायचे की शब्दांत बांधायचे एवढाच प्रश्न अधिकाऱ्यापुढे होता. कंस तसेच राहिले असते तर फायदा दुबळ्याचा झाला असता असं मानायला आधार नाही. लिहिलेला नियम नसतो तेव्हा अमेरिका आपल्या व्यापार कायद्याचं, एकतर्फी कारवाईचं कलम ३०१ काढते आणि भारताचं नाव यादीत टाकते. १९८९ मध्ये तिने तेच केलं होतं.

त्या मसुद्यात आपल्याला नक्की काय बोचलं, याचा हिशेब आता तीस वर्षांनंतर शांतपणे करता येतो, आणि मला सगळ्यात जास्त रस याच भागात आहे.

भीती होती बियाण्याची. बौद्धिक संपदेच्या कलम २७ चा एक पोटभाग वनस्पतींच्या वाणांबद्दल आहे. त्यांना पेटंट द्या, किंवा ‘परिणामकारक’ अशी वेगळ्या धाटणीची स्वतंत्र व्यवस्था करा, किंवा दोन्हींचा मेळ घाला, असं तो म्हणतो. तीन वाटा ठेवल्या, आणि मधल्या वाटेची व्याख्या केली नाही. हा आळस नव्हता. ज्याने तो शब्द तसाच राहू दिला त्याला मोकळी जागा म्हणजे काय ते कळत होतं. भारताने ती जागा वापरली. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातलं कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बियाणं राखायला, पेरायला, पुन्हा पेरायला, अदलाबदल करायला आणि विकायलाही मुभा देतं. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. ज्या भीतीने होळ्या झाल्या ती निदान कायद्यापुरती खरी ठरली नाही. औषधांची भीती खरी होती. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट होतं, औषधाला नव्हतं. २००५ पासून औषधालाही द्यावं लागलं. तिथेही संसदेने कलम ३(ड) कडक करून जुन्याच औषधाला नवा मुलामा देणाऱ्यांची वाट बरीच अरुंद केली.

आणि ज्याची भीती कुणालाच नव्हती? शेती कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आठवा आणि नववा परिच्छेद आहेत. सरकार हमीभावाने धान्य घेतं तेव्हा त्यात अनुदान किती, हे काढायचं सूत्र तिथे आहे. हमीभावातून एक ‘बाह्य संदर्भ किंमत’ वजा करायची आणि येणाऱ्या फरकाला त्या भावाला पात्र असलेल्या मालाने गुणायचं. ती संदर्भ किंमत कुठली, तर १९८६ ते १९८८ ची सरासरी. गोठवलेली. म्हणजे २०१८ चा तांदळाचा हमीभाव राजीव गांधी पंतप्रधान असतानाच्या किमतीशी ताडून पाहायचा आणि मधल्या तीस वर्षांची महागाई अनुदान म्हणून शेतकऱ्याच्या नावावर मांडायची. विकसनशील देशाला एका पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सूट. करार झाला तेव्हा आपले भाव इतके खाली होते की हिशेब उणे येत होता. शरद जोशी सांगत होते तेच. म्हणून त्या परिच्छेदांकडे पाहायचं कुणाला सुचलं नाही. जोशींनाही नाही, हेही नमूद करायला हवं.

ते परिच्छेद वीस वर्षांनी चावले. अन्न सुरक्षा कायदा झाला, सरकारी खरेदी वाढली, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या २०१३ च्या बाली परिषदेत वाणिज्यमंत्री आनंद शर्मांना याच आकड्यापायी आडवं पडावं लागलं. तोडगा निघाला तो ‘शांतता कलमाचा’. मर्यादा ओलांडली तरी तूर्त कुणी खटला भरायचा नाही. पुढच्या जुलैत नव्या सरकारने व्यापार सुलभीकरणाचा करार अडवून धरला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या कलमाला कायमचा तोडगा निघेपर्यंतची मुदत मिळवली. २०१८-१९ च्या हंगामात तांदळाच्या बाबतीत भारताने १० टक्क्यांची रेषा ओलांडली आणि हे कलम वापरणारा तो पहिला देश ठरला. कायमचा तोडगा अजून यायचा आहे.

मोर्चे निघाले कलम २७ विरुद्ध, आणि अडकलो परिशिष्टातल्या तीन वर्षांच्या सरासरीत. यात दोष डंकेलचा नाही, मोर्चेकऱ्यांचाही नाही. शेतकऱ्याने परिशिष्ट वाचावं ही अपेक्षाच खुळी आहे. ते वाचायला पगार देऊन माणूस ठेवायचा असतो, आणि तो माणूस एका बदलीत तयार होत नाही. डंकेल सदतीस वर्षांत तयार झाले होते.

एखाद-दुसऱ्या शब्दाने काय होतं याचं आपल्याकडेही एक चोख उदाहरण आहे. नोव्हेंबर २००१, दोहा. जागतिक व्यापार संघटनेची नवी फेरी इथे सुरू होत होती. गुंतवणूक, स्पर्धाविषयक धोरण, सरकारी खरेदी आणि व्यापार सुलभीकरण हे चार विषय, ज्यांना सिंगापूर मुद्दे म्हणतात, ते वाटाघाटींत घ्यायचा युरोपचा आग्रह होता. भारताचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन जवळजवळ एकटे पडले होते. जाहीरनाम्यात अखेर असं आलं की वाटाघाटी पुढच्या परिषदेनंतर होतील, पण त्यांच्या रीतीबद्दल ‘स्पष्ट एकमताने’ घेतलेल्या निर्णयाच्या आधारावर. एरवीच्या एकमतात गप्प बसणं म्हणजे होकार. ‘स्पष्ट’ म्हटल्यावर होकार तोंडाने द्यावा लागतो. मारन तेवढ्यावरही थांबले नाहीत. कुणाही सभासदाला वाटाघाटी रोखता येतील असा त्याचा अर्थ आहे, हे त्यांनी परिषदेच्या अध्यक्षाकडून शेवटच्या बैठकीत वदवून घेतलं. २००४ च्या उन्हाळ्यात चारपैकी तीन विषय कार्यक्रमातून गळले. श्रेय मारन यांना मिळालं आणि ते रास्तच आहे. पण ‘स्पष्ट’ या विशेषणाची किंमत जाणणारं कुणीतरी त्यांच्या मागच्या खुर्चीत बसलेलं असणार, हे उघड आहे. मागच्या खुर्चीतल्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात येत नसतं.

ब्राझील हे काम कसं करतो ते पाहण्यासारखं आहे. तिथे व्यापाराची लढाई परराष्ट्र खात्याकडे आहे आणि मुत्सद्दी त्यात वर्षानुवर्षं मुरतात. रॉबेर्तो अझेवेदो त्यांतलेच एक. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जो खटला नेला, तो त्यांच्या विभागाने लढवला आणि जिंकला. अमेरिका काही केल्या ऐकेना तेव्हा ब्राझीलने प्रत्युत्तराचा अधिकार मिळवला, आणि तो वापरला जाऊ नये म्हणून अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दरसाल पैसे मोजले. त्या अनुदानाने पडलेला भाव आपल्या कापूसवाल्यांनाही भोवत होता. त्या खटल्यात भारत काय होता? त्रयस्थ पक्ष. म्हणजे बाजूला बसून निवेदन देणारा. अझेवेदो पुढे जिनिव्हात ब्राझीलचे राजदूत झाले आणि २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे महासंचालक. त्याच वर्षी बालीत, आपल्याशीच झुंजत, त्यांनी संघटनेचा पहिला बहुपक्षीय करार घडवला. मुरलेला माणूस म्हणतात तो असा.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट. डंकेल यांनी मसुदा लिहिला, पण फेरी संपवली नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका-युरोपने वॉशिंग्टनमधल्या ब्लेअर हाऊसमध्ये शेतीपुरता समझोता केला, तरी गाडी हलेना. जुलै १९९३ मध्ये पीटर सदरलँड आले. आयर्लंडचे माजी महाधिवक्ता, युरोपीय आयोगाचे माजी आयुक्त, राष्ट्रप्रमुखांना थेट फोन लावून खडसावणारे. साडेपाच महिन्यांत, १५ डिसेंबर १९९३ रोजी, त्यांनी हातोडा आपटला आणि सात वर्षांची फेरी संपली. तेव्हापासून सभासदांनी असा धडा घेतला की प्रमुख वजनदार हवा. रुजेरो आणि सुपाचाई व्यापारमंत्री राहिलेले, मूर तर माजी पंतप्रधान, लामी युरोपचे व्यापार आयुक्त, आताच्या न्गोझी ओकोंजो-इवेला नायजेरियाच्या माजी अर्थमंत्री. अझेवेदो तेवढे अपवाद. मला वाटतं धडा अर्धाच घेतला. सदरलँड यांना आपटायला हातोडा होता, कारण टेबलावर लिहून तयार झालेला मसुदा होता. जुलै २००८ मध्ये, दोहा फेरीच्या वाटाघाटींत, लामींकडे वजनही होतं आणि हुशारीही. तरी सात बड्यांसमोर ठेवलेला त्यांचा एक पानाचा कागद शेतीमालाच्या आयातीवरच्या संरक्षक शुल्काशी येऊन फुटला. आयात नेहमीच्या १४० टक्क्यांवर गेल्यावरच ठरलेल्या मर्यादेपलीकडे शुल्क लावता येईल, असं त्या कागदात होतं. आपले वाणिज्यमंत्री कमलनाथ यांना तो आकडा बराच खाली हवा होता, अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी सुसान श्वाब यांना तो खाली यायला नको होता. दोहा फेरी त्या धक्क्यातून उठली नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. निवृत्त झाल्यावर डंकेल नेस्लेच्या संचालक मंडळावर गेले. सदरलँड गोल्डमन सॅक्स इंटरनॅशनल आणि बीपी यांचे अध्यक्ष झाले. अझेवेदो मुदत संपायच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२० अखेर, पद सोडून पेप्सिकोत गेले. संघटनेचं तंटे निकाली काढणारं अपील मंडळ सभासदांअभावी बंद पडलेलं, महामारी ऐन भरात, आणि कप्तान शीतपेयांच्या कंपनीत. नियम लिहिणारे हात उद्या कुणाची सही करणार, याचा संशय लोकांनी घ्यायचा नाही तर काय करायचं? आपल्याकडे निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खासगी नोकरी धरायची तर वर्षभर थांबावं लागतं, नाहीतर परवानगी घ्यावी लागते. जिनिव्हातल्या प्रमुखासाठी हा काळ निदान तीन वर्षांचा हवा, आणि तेवढे दिवस संघटनेने त्याला पोसावं. खर्च फार नाही, आणि वाचणारी अब्रू पुष्कळ आहे.

पण मुरलेला अधिकारी विकला जाऊ शकतो, म्हणून मुरूच द्यायचा नाही, हा उपाय आपण नकळत पत्करला आहे. वाणिज्य मंत्रालयात व्यापार वाटाघाटी पाहणारा सहसचिव बहुधा एखाद्या राज्यातून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. त्याची मुदत साधारण पाच वर्षांची. उरुग्वे फेरी सात वर्षं चालली, दोहा फेरीला वीस वर्षं उलटून गेली. आधीच्या कंसाचा इतिहास समजेपर्यंत साहेबांची परत जायची वेळ येते, आणि राज्यात गेल्यावर पाटबंधारे किंवा शालेय शिक्षण खातं वाट पाहत असतं. भारतीय व्यापार सेवा नावाची एक छोटी सेवा आहे, तिचा जीव परवाने आणि निर्यात योजनांत गुंतलेला. १९९९ पासून दिल्लीत जागतिक व्यापार संघटनेचा अभ्यास करणारं केंद्र आहे. तिथे विषय लक्षात ठेवणारी माणसं असतात, पण टेबलावर बसणारी वेगळी. माणसं आपल्याकडे निपजत नाहीत असं मुळीच नाही. अन्वरुल होडा वाणिज्य मंत्रालयातून गॅटमध्ये उपमहासंचालक झाले, उजालसिंह भाटिया ओडिशा केडरमधून जिनिव्हात राजदूत आणि मग अपील मंडळाचे अध्यक्ष झाले. हे लोक घडले ते योगायोगाने एका जागी टिकले म्हणून. तसं टिकण्याची रीत कुणी घातलेली नाही. एका अधिकाऱ्याला तीसएक वर्षं फक्त शेती करार, दुसऱ्याला फक्त सेवा, तिसऱ्याला फक्त मासेमारी, मधूनमधून जिनिव्हा आणि परत, बढती त्याच रुळावर, अशी पन्नास-साठ माणसांची तुकडी उभी करायला कायदा बदलावा लागत नाही. कार्मिक विभागाच्या एका आदेशाचं काम आहे. तो निघत नाही, कारण पन्नास-साठ चांगल्या जागा फिरत्या ठेवण्यात पुष्कळांना रस असतो.

मासेमारीचंच बघा. २०२२ मध्ये जिनिव्हात झालेला मासेमारी अनुदानांचा पहिला करार सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. दुसरा भाग, गरजेपेक्षा मोठे ताफे आणि अतिमासेमारी पोसणाऱ्या अनुदानांचा, अजून कंसांत आहे. विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत मिळावी ही त्यात भारताची मागणी. किनाऱ्यावरच्या छोट्या होडीवाल्यासाठी ती मला योग्य वाटते. ही मागणी ज्या अधिकाऱ्यांनी तयार केली, त्यांतले सगळे आज त्या टेबलावर नाहीत.